मांगं आयकू आलं का?

कार्यक्रम संपला की आमच्या ऑर्केस्ट्रातला प्रत्येक जण आपापल्या मानाप्रमाणे कुठे ना कुठे जायचा. गायिका गाडीत जाऊन बसायची. गायक गर्दीला सापडेल अशा बेताने गर्दी टाळायचा. ड्रमच्या जागी इलेक्ट्रिक पॅड बडवणारा पॅडवाला पानठेला शोधायचा आणि मालक प्रल्हादभाऊ आयोजकाच्या खांद्यावर हात टाकून बाजूला व्हायचा. देवमन राऊत मात्र गिटार पिशवीत घालून खाली उतरायचा आणि खुर्च्यांच्या शेवटच्या रांगेकडे चालू लागायचा. तिथे जो सापडेल त्याला अडवून विचारायचा, "भाऊ, मांगं आयकू आलं का?"

समोरचा माणूस झोपलेलं लेकरू खांद्यावर घेऊन घाईत असायचा. "आलं ना! एक नंबर झाला प्रोग्राम."

"तसं नाही. बास. बास आयकू आला का?"

"आला ना राजेहो. काय ढुमढुम वाजून राह्यलं होतं!"

"ते पॅड होय गा," देवमन म्हणायचा आणि दुसऱ्या माणसाकडे वळायचा.

मी त्या ऑर्केस्ट्राचा निवेदक होतो. पोटासाठी मालेगावच्या एका शाळेत मराठी शिकवायचो आणि हौसेसाठी माईकवर दुसऱ्यांच्या शायऱ्या फेकायचो. मालेगाव म्हणजे आमचं जहागीर मालेगाव, वाशिम जिल्ह्यातलं. हे दर वेळी सांगावं लागतं आणि सांगितलं की ऐकणाऱ्याचा चेहरा जरा उतरतो. असो. ऑर्केस्ट्रात मला सगळे सर म्हणायचे. त्या सर म्हणण्याला मी किती लायक होतो ते पुढे येईलच.

देवमन उंच होता आणि उंचीची लाज वाटत असल्यासारखा वाकून चालायचा. गावाबाहेर त्याचा दोन एकराचा मळा होता; वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात भेंडी. वांग्याच्या काट्यांनी त्याची बोटं कायम टोचलेली असायची. प्रल्हादभाऊने सगळ्यांना शिवून दिलेला चकचकीत निळा कोट त्याला मनगटाच्या वर चार बोटं यायचा. स्टेजवर तो चप्पल काढूनच चढायचा आणि मागच्या ओळीत, पॅड आणि वायरींचं जंजाळ यांच्या मधल्या जागेत उभा राहायचा. त्याच्या पाठीशी त्याचा स्वतःचा छोटा अ‍ॅम्प, म्हणजे गिटारचा आवाज काढणारा स्पीकरचा खोका, असायचा. त्याला तो 'डब्बा' म्हणायचा. तो डब्बा मळ्यातून ऑर्केस्ट्राच्या गाडीपर्यंत मोटारसायकलवर मागे बांधून आणायचा आणि कोणाला हात लावू द्यायचा नाही.

बास गिटार म्हणजे काय हे आमच्याकडे कोणाला माहीत असायचं कारण नव्हतं. लोकांना ती चार तारांची मोडकी गिटार वाटायची. एकदा एका सरपंचाने स्टेजवर सत्कार करताना देवमनच्या गिटारकडे बोट दाखवून विचारलं होतं, "याच्या दोन तारा कुठी गेल्या?" सगळे हसले. देवमनही हसला. मग त्याने शांतपणे सांगितलं, "साहेब, ह्या चारच पाह्यजेत. ह्या जाड्या तारा हायेत. मुळ्याचं कसं, लोकं पाला पाह्यतात, मुळा जमिनीत राह्यते. तसं हे जमिनीतलं काम हाय." सरपंचाने मान डोलवली आणि नारळ पॅडवाल्याच्या हातात दिला.

मळ्यात त्याचं निराळंच चालायचं. विहिरीवरची मोटर सुरू झाली की तिच्या घोंघावण्याशी तो सगळ्यात जाड तार ताडून पाहायचा. मी एकदा वांगी घ्यायला गेलो तेव्हा तो विहिरीच्या काठावर कान टवकारून बसला होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"मोटर उतरली सर. सकाळून बेसूर होऊन राह्यली."

"मोटर पाणी देते ना?"

"पानी देते. पन सुरात नाही देत."

अशा माणसाची थट्टा करणं सोपं असतं आणि मी ती पुष्कळ केली. स्टेजवरून केली, गाडीत केली. तो रागवायचा नाही. ऑर्केस्ट्राच्या गाडीत प्रत्येकाला एकेक काम असतं, त्याचं काम थट्टा करून घेण्याचं होतं.

त्याचं एकच मागणं होतं, आणि ते माझ्याकडेच होतं. कार्यक्रमाच्या मध्यावर वादकांची ओळख करून द्यायची पद्धत असते. ती मी मोठ्या तब्येतीने करायचो. कीबोर्डवर कोण, असं म्हणून मी हात लांब केला की प्रल्हादभाऊ बोटं पळवून दाखवायचा. ढोलकीवाला एक तोडा टाकायचा, पॅडवाला दोन मिनिटं धुमाकूळ घालायचा. लोक शिट्या मारायचे. देवमनचं नाव सगळ्यात शेवटी यायचं. "आणि बास गिटारवर, देवमन राऊत!" असं म्हटलं की पॅडवाला एक दणदणीत रोल द्यायचा, त्यावर टाळ्या पडायच्या आणि मी पुढच्या गाण्याकडे वळायचो. देवमन मान लववायचा. त्याला वाजवायला जागाच नसायची.

"सर, मले दोन ओळीचं द्या ना," तो म्हणायचा. "पॅड नको. कोनीच नको. नुसतं माहं. दोन ओळीत होते माहं काम."

"पुढच्या वेळी नक्की," मी म्हणायचो.

माझ्या पुढच्या वेळा कधी संपल्या नाहीत. मला वाटायचं, लोकांना कंटाळा येईल. चार जाड तारांवर एकटा माणूस काय वाजवणार? लय तुटेल, माझा रंग जाईल. खरं म्हणजे मीसुद्धा त्याचा बास कधी कान देऊन ऐकला नव्हता. पाच वर्षं मी त्याच्यापासून दहा पावलांवर उभा होतो आणि माझ्या कानात फक्त माझा आवाज होता.

देवमनचं वाजणं ऐकणारं माणूस जगात एकच होतं. त्याची बायको, सुमनवैनी. आणि ती बहिरी होती.

जन्मापासून नव्हे. लग्नानंतर सात-आठ वर्षांनी तिला ताप आला, अंगावर काढला, आणि ताप उतरला तेव्हा कान घेऊन गेला. बोलणं ऐकू येईना, लेकरू रडलेलं ऐकू येईना. जाड आवाज तेवढे यायचे. आभाळ गडगडलं तर कळायचं, ट्रक गेला तर कळायचं. मालेगावच्या आठवडी बाजारात ती भाजी घेऊन बसायची तेव्हा सगळा व्यवहार हातांनी चालायचा. गिऱ्हाईक बोटाने वांगी दाखवायचं, ती बोटं उघडून भाव सांगायची. भाजी संपली की दोन्ही तळहात एकमेकांवर झटकायची आणि उताणे करून दाखवायची. संपलं. त्यावर घासाघीस नाही. बाजारातली लेकरं तिची नक्कल करायची आणि ती त्यांना बसल्या जागेवरून पेंडीचं देठ फेकून मारायची.

रोज दिवस मावळायच्या आधी, मेथीच्या जुड्या बांधून झाल्या की देवमन मळ्यातल्या खोलीपुढे डब्बा मांडायचा. वैनी समोर पाटावर बसून आपले दोन्ही अनवाणी तळपाय त्या डब्ब्याला टेकवायची. मग तो वाजवायचा. गाणं नाही, शब्द नाहीत, नुसता बास. तिला तो पायातून यायचा. हे मी एकदाच पाहिलं, त्या मोटरीच्या दिवशी, आणि मला हसू आलं होतं हे कबूल करतो. मला ते काहीतरी अंगाऱ्या-धुपाऱ्यासारखं वाटलं. पण वैनीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. वाजवता वाजवता देवमन जाड तारेवरून बोट वरून खालपर्यंत घसरत न्यायचा. ओळ बदलायच्या आधी हटकून ही घसरण यायची. ती आली की वैनी डोळे मिटून मान हलवायची, मुका मार बसल्यावर कोणी तेल चोळून द्यावं तशी.

"माही घसरगुंडी ओळखते ते," देवमन म्हणाला. "कुठीबी आयकली तरी ओळखन. सर, अख्ख्या जिल्ह्यात मले एकच आयकनारी हाय, अन् तिले आयकू येत नाही. हाय का नाही मज्या?"

मी म्हणालो, "मग कार्यक्रमाला का नाही आणत?"

"आनीन. मालेगावात झाला का आनीन. मोठ्या बॉक्सापाशी बसवीन. डब्बा केवढा, अन् ते बॉक्स केवढे! तिले बी कळू दे नवरा काय वाजवते ते."

त्याच सुमाराला आमच्याकडे डीजेचं पीक आलं होतं. वरातीपुढे ट्रकभर बॉक्स लावून ते वाजवायचे तेव्हा घराच्या पत्र्यावरचे दगड हलायचे. पोरं डीजेवाल्याला ओरडून सांगायची, "बास वाढव, बास!" देवमन हे ऐकून थबकायचा. त्याने जन्मभर सांभाळलेला शब्द लोकांच्या तोंडी आला होता आणि त्या शब्दाचा देवमनशी काही संबंध उरला नव्हता. एकदा तो म्हणाला, "लोकायले आता बास पाह्यजे सर. बासवाला नाही पाह्यजे." मला हे वाक्य आवडलं. मी ते पुढच्या कार्यक्रमात माझं म्हणून वापरलं.

आता कामरगावचं सांगतो. तिथल्या कार्यक्रमात माझा माईक सारखी शिट्टी मारत होता, म्हणून दोन गाण्यांच्या मध्ये मी खाली उतरून साऊंडवाल्या संजूच्या टेबलाशी गेलो. संजू सगळ्यांचे आवाज कमी-जास्त करायच्या मिक्सरवर बसायचा. मिक्सरच्या प्रत्येक बटनाखाली त्याने पांढरी पट्टी चिकटवून नावं लिहिली होती. सर. प्रल्हादभाऊ. ढोलकी. पॅड. मॅडम. सगळी बटनं कमी-जास्त वर सरकवलेली होती. 'देवा' असं लिहिलेल्या पट्टीवरचं बटन तळाला होतं. अगदी तळाला.

"हे खाली राहिलं बघ," मी म्हणालो.

"ते खालीच राह्यते सर."

"म्हणजे?"

"प्रल्हादभाऊचा नवा कीबोर्ड आला ना, तवापासून. त्याच्यात बास भरेल राह्यते, आपोआप वाजते. दोन बास एकात गेले का खिचडी होते. भाऊनं सांगतलं, देवाचं बटन खाली ठेव अन् बोलू नको."

"अरे पण नवा कीबोर्ड येऊन तीन वर्षं झाली!"

"मंग तीन वर्सं खाली हाय," संजू म्हणाला आणि माझ्या माईकची शिट्टी बंद केली.

मी वर पाहिलं. स्टेजवर मागच्या ओळीत देवमन अनवाणी उभा होता. डोळे अर्धे मिटलेले, बोटं तारांवर, पाठीमागे त्याचा डब्बा. डब्ब्याचा आवाज त्याला येत होता आणि त्याच्या पलीकडच्या पॅडवाल्याला. त्याला वाटत होतं की तो गावाला ऐकवतोय. तीन वर्षं तो शेवटच्या रांगेत जाऊन विचारत होता, मागे ऐकू आलं का? आणि तीन वर्षं लोक सांगत होते, आलं ना, एक नंबर.

परतीच्या गाडीत देवमन पुढे बसला होता. मी मागे प्रल्हादभाऊला हळूच विचारलं. तो वाईट माणूस नव्हता, हीच अडचण होती. तो म्हणाला, "सर, कीबोर्डमधला बास चुकत नाही. मले देवमनची गरज नाही, खरं सांगतो. पन पोस्टरवर सहा मानसं दिसली पाह्यजेत, स्टेज भरेल दिसलं पाह्यजे. तो उभा राह्यला तर चांगला दिसते. आता तुमी म्हना, त्याले सांगू? सांगतो. पन सांगतलं का तो राह्यनार नाही. मंग तुमीच त्याले घरी बसवलं असं होईन. म्हना, सांगू का?"

मी म्हणालो, "राहू दे."

हे राहू दे मी देवमनच्या भल्यासाठी म्हटलं असं स्वतःला पुष्कळ दिवस समजावलं. त्याचा आनंद कशाला हिरावायचा, वगैरे. मराठीचा मास्तर असल्यामुळे मला अशी वाक्यं लवकर सुचतात. खरी गोष्ट साधी होती. मला नसत्या भानगडीत पडायचं नव्हतं आणि माझा माईक वर होता.

मालेगावचा कार्यक्रम ठरला तेव्हा देवमनने कोट धुवून इस्त्री करून आणला. संध्याकाळी पाचलाच तो मैदानावर हजर. सुमनवैनीला नवीन लुगडं, डोक्यात अबोलीचा गजरा. बॉक्सच्या भिंतीपाशी त्याने स्वतः खुर्ची नेऊन ठेवली, तिला बसवलं, तिचा हात धरून तळहात बॉक्सच्या लाकडावर टेकवला आणि खुणेने सांगितलं, इथून येईल. ती लाजली. आजूबाजूच्या बाया पाहत होत्या.

कामरगावचं ते तळातलं बटन मला आठवलं. मी संजूच्या टेबलाशी गेलो.

"संजू, आज देवमनचं बटन वर कर."

"प्रल्हादभाऊले इचारा सर. मले पुन्हा शिव्या खाऊ नका घालू."

प्रल्हादभाऊ पाच पावलांवर उभा होता. मोजून पाच. मी वळलो, तेवढ्यात आयोजकांनी हाक मारली, प्रमुख पाहुणे आले होते, मला त्यांचं स्वागत करायचं होतं. मी स्टेजवर गेलो. पाहुण्यांची गाडी अजून फाटकातच होती. मला वेळ होता. मी पाच पावलं चाललो नाही, एवढीच या गोष्टीतली माझी कामगिरी.

कार्यक्रम रंगला. देवमन त्या दिवशी जसा वाजवत होता तसा मी त्याला कधी पाहिला नव्हता. वाकलेली पाठ सरळ झाली होती. त्याचं बोट तारेवरून वरून खालपर्यंत घसरत होतं आणि दर घसरणीला तो बॉक्सकडे पाहत होता. वैनी तळहात लाकडावर ठेवून बसली होती. पहिल्या गाण्याला तिने मान थोडी तिरकी केली. दुसऱ्या गाण्याला दुसरा हातही लावला. चौथ्या-पाचव्या गाण्याला तिने चपला काढून दोन्ही पाय बॉक्सला टेकवले. मागची पोरं खिदळली. त्यानंतर तिने हात काढले, पाय काढले, चपला घातल्या आणि मांडीवर हात ठेवून शेवटपर्यंत स्टेजकडे पाहत राहिली.

संपल्यावर देवमन शेवटच्या रांगेकडे गेला नाही. थेट तिच्याकडे आला. मी जवळच होतो, संजू वायरी गुंडाळत होता. देवमनने भुवया उंचावून विचारलं, आलं का?

बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही. तिचा आवाज मैदानभर गेला.

"तुमी आज वाजवलंच नाही!"

देवमन हसला. हातानेच त्याने वाजवल्याची खूण केली, बॉक्सकडे बोट दाखवलं.

"त्याच्यात कोनतरी दुसरा हाय," ती म्हणाली. "तुमी नाही. तुमचा हात नुसता हालत होता. घसरगुंडी एकबी आली नाही. म्या समदं धरून पाह्यलं, हात लावून, पाय लावून. नाही आली."

बायका हसल्या. कोणीतरी म्हणालं, भैरीले काय समजते! देवमन मात्र हसायचा थांबला. तो माणूस मोटरीचा सूर ओळखणारा होता. त्याला समजायला वेळ लागला नाही. तो सरळ संजूच्या टेबलाशी गेला. वाकून त्याने पट्टीवरची नावं एकेक वाचली, बोट फिरवत, पहिलीतलं पोर वाचतं तशी. स्वतःच्या नावावर बोट थांबलं. मग त्याने तळाला असलेलं ते बटन हळूच वर सरकवलं, परत खाली नेलं. कितीतरी दिवसांची धूळ बसल्यामुळे ते जरा अडकत होतं.

"कवापासून?" त्याने विचारलं.

संजू खाली पाहून म्हणाला, "नवा कीबोर्ड आला तवापासून."

देवमन माझ्याकडे वळला. "सर, तुमाले मालूम होतं?"

"नाही," मी म्हणालो. "मलाही आत्ताच कळतंय."

संजूने वायर गुंडाळणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. देवमनने संजूकडे पाहिलं. झालं.  त्याने डब्बा मोटारसायकलला बांधला, वैनीला मागे बसवलं आणि तो गेला. प्रल्हादभाऊला तो एक अक्षर बोलला नाही. त्याने मला विचारलं होतं, त्याला नाही, यातच सगळं आलं.

आम्हाला वाटलं, आता तो येणार नाही. पण पोहरादेवीचा कार्यक्रम आधीच घेतलेला होता आणि त्याने शब्द दिलेला होता. जत्रेची गर्दी होती, भर दुपारी मांडवात कार्यक्रम. देवमन वेळेवर आला, चप्पल काढून स्टेजवर चढला, आपल्या जागी उभा राहिला. डब्बा आणला नव्हता. गिटार गळ्यात घातली, वायर लावलीच नाही, ती गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवली. पहिलं गाणं सुरू झालं आणि त्याने दोन्ही हात गिटारवर एकावर एक ठेवले. मंदिरात ओटी घेऊन उभं राहावं तसे. त्या हातांना त्याने पूर्ण कार्यक्रमात हलवलं नाही.

अडीच तास. समोर हजारो माणसं होती. सगळ्या ऑर्केस्ट्राने पाहिलं, प्रल्हादभाऊ सारखा मागे वळून पाहू लागला, माझ्या शायऱ्या अडखळू लागल्या. समोरून मात्र कोणी बोट दाखवलं नाही. कोणाच्या लक्षातच आलं नाही.

वादकांच्या ओळखीची वेळ आली. मला वाटलं, निदान आता तरी. मी पॅडवाल्याला हाताने थांबवलं आणि देवमनबद्दल बोललो. या जिल्ह्याच्या मातीत राबणारे हात, सुरांचा पाया रचणारा कलावंत, असं बरंच काही. पाच वर्षांत मी त्याच्याबद्दल पाच वाक्यं बोललो नव्हतो. त्या दिवशी दहा बोललो. "देवमन राऊत!" म्हणून मी हात लांब केला आणि मांडव शांत झाला. त्याने मागितलेल्या दोन ओळींची जागा अखेर मी त्याला दिली होती.

देवमनने हात उचलले, माझ्याकडे पाहून नमस्कार केला आणि ते पुन्हा गिटारवर होते तसे ठेवले.

कडकडून टाळ्या पडल्या.

कार्यक्रमानंतर एक धिप्पाड गृहस्थ गर्दीतून वाट काढत त्याच्याकडे आले. त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "भाऊ, बास एक नंबर! मानलं तुमाले."

"मांगं आयकू आलं का?" देवमनने विचारलं.

"मंग! छाती हालली ना!"

देवमन मोठ्याने हसला. इतक्या वर्षांत मी त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही. निळा कोट काढून त्याने घडी केली, प्रल्हादभाऊच्या कीबोर्डवर ठेवली आणि तो मांडवाबाहेर पडला.

ऑर्केस्ट्रा अजून चालतो. पोस्टरवर अजून देवमनचा फोटो आहे, कारण नवीन फोटो काढायचा कंटाळा कोणी सोडला नाही. मी निवेदन पुढेही करत राहिलो, वर्षभर तरी. बाणेदारपणे सोडलं असं सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. मध्ये घसा बसायला लागला म्हणून सोडलं.

त्यानंतर बाजारात वैनी दिसायची. मी दुरूनच दुसऱ्या भाजीवाल्याकडे वळायचो. पण परवा, शाळा सुटल्यावर, मनाचा हिय्या करून मळ्याकडे गेलो. काय बोलायचं ते वाटेत जुळवून ठेवलं होतं. माफी हा शब्द दोनदा येत होता. मोटारसायकल रस्त्यावर लावून बांधावरून चालत निघालो. ऊन उतरलं होतं. वांग्याच्या वाफ्यांतून आवाज आला तेव्हा मी थांबलो.

जाड, गोल, दबका आवाज. शब्द नाहीत, गाणं नाही. जमिनीतून वर आल्यासारखा, आणि इतका सुरेल की मला पहिल्यांदा कळलं, देवमन काय वाजवत होता. माझ्यापासून दहा पावलांवर हे वाजत होतं आणि मी शायऱ्या फेकत होतो. मग ती घसरण आली. माझ्यासारख्या बथ्थड माणसाच्या अंगावरही काटा आला.

मी चार पावलं पुढे गेलो. खोलीपुढे डब्बा होता. सुमनवैनी पाटावर बसून दोन्ही तळपाय डब्ब्याला टेकवून डोळे मिटून बसली होती. देवमन विहिरीकडे पाठ करून वाजवत होता, म्हणजे माझ्याकडे तोंड करून. त्याने मला पाहिलं.

त्याचं बोट तारेवर होतं तिथेच थांबलं. मग त्याने दोन्ही हात उचलले आणि गिटारवर एकावर एक ठेवले. पोहरादेवीला ठेवले होते तसेच. चेहऱ्यावर राग नव्हता. तो नुसता उभा राहिला, मी जाईपर्यंत उभं राहायची तयारी असल्यासारखा.

"देवमनभाऊ," मी हाक मारली. पुढचं जुळवलेलं काही आठवलं नाही.

वैनीने डोळे उघडले. पाय डब्ब्यावर आणखी दाबून पाहिले. काही येत नाही म्हटल्यावर तिने आधी नवऱ्याच्या हातांकडे पाहिलं, मग तो पाहत होता तिकडे मान वळवली. बांधावर मी. ती मला ओळखत होती. स्टेजवर माझं तोंड तिने शेवटपर्यंत हलताना पाहिलं होतं.

बाजारात गिऱ्हाइकाला सांगते तसे तिने दोन्ही तळहात एकमेकांवर झटकले आणि उताणे करून मला दाखवले.